साडी रिकामी द्यायची नाही

माझ्या साडूइतका माणसांचा भुकेला आणि माणसांना तितकाच बुजणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नाही. झाला असेल तर दाखवा, मी पैज हरायला तयार आहे. फक्त मी पैज सहसा हरत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो मॅट्रिकच्याही पुढं शिकलेला, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. मी चौथीपर्यंत. चौथी एका दमात पास झालो आणि पाचवीला गेलोच नाही, त्यामुळं नापासाचा शिक्का माझ्यावर नाही, हे सांगून ठेवतो. तो खुर्चीवर बसून जगला, मी टेम्पो चालवून. पंचवटीत त्याच्या शेजाऱ्यानं सहज "काय साहेब, बरंय ना?" विचारलं तरी हा दोन पावलं मागं सरायचा, छत्री नसताना छत्री सावरल्यासारखं करायचा, आणि संध्याकाळी माझ्याकडं येऊन सांगायचा, "दादा, आज शेजाऱ्यांनी चौकशी केली माझी." मूलबाळ नाही. माझी मेहुणी होती तोवर घरातलं बोलण्याचं खातं तिच्याकडं होतं. ती गेली, मग ते खातं कोणी चालवलंच नाही. असा हा माणूस रिटायर झाल्यावर दुकान काढतो, तेही बायकांच्या जुन्या साड्यांचं, आणि गिऱ्हाईक कोण, तर सातासमुद्रापलीकडच्या बाया!

सुरुवात एका सफारीपासून झाली. कारंजाजवळ एक टेलिफोन बूथवाला होता, त्यानं बूथ मोडून तिथं चार कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर सायबर कॅफे म्हणून पाटी लावली. साडू तिथं पेपर वाचायला जायचा, कारण पेपर फुकट होता आणि कोणी बोलत नव्हतं. कॅफेवाला त्याला एकदा म्हणाला, "काका, परदेशात लोक जुने कपडे हौसेनं घेतात. लिलाव असतो, घरबसल्या." साडूनं घरी जाऊन आपली ऑफिसची सफारी काढली. रंग धरणाच्या गाळाचा, चार खिसे, कॉलर घारीच्या पंखासारखी. कॅफेवाल्यानं तिचा फोटो चढवला आणि एका जर्मन पोरानं ती विकत घेतली. पुढं त्यानं कळवलं की ही घालून मी रात्रभर नाचलो. साडू धावत माझ्याकडं आला. एवढा मोठ्यानं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकला. "दादा, तीस वर्षं मी त्या सफारीत नुसता बसलो होतो!"

तिथून त्याला नादच लागला. माझ्या मेहुणीच्या साड्या मात्र त्यानं विकल्या नाहीत, कारण विकायला त्या होत्याच कुठं? दिवस झाल्यावर आमच्या हिनं त्या बहिणीबहिणीत वाटून टाकल्या होत्या. मग तो माझ्या टेम्पोत बसून खेड्यापाड्यांत हिंडू लागला. मी कांदा घेऊन विंचूरला निघालो की हा पुढच्या सीटवर, मांडीवर जुन्याच्या बदल्यात द्यायच्या नव्या कोऱ्या सुती साड्यांचा गठ्ठा. वाटेत सायखेड्याला टेम्पो थांबवायला लावायचा आणि एखाद्या म्हातारीच्या ओट्याखाली उभा राहून, जमिनीकडं बघत विचारायचा, "आजी, तुमच्या पेटीत काय आहे?" पहिल्यांदा म्हाताऱ्यांना वाटायचं, शिरगणतीवाला आला. एकीनं तर कुत्रं सोडलं. पण एकदा पेटी उघडली की म्हातारी आणि साडू दोघंही सुटायचे. हे लुगडं कोणाच्या लग्नातलं, हे कोणी आणलं, हे नेसून कोणाशी भांडण झालं, सगळं तो ऐकून घ्यायचा. आधी गोष्ट, मग भाव. गोष्ट नसलेली साडी त्यानं कधी घेतली नाही. रामकुंडावर दहाव्याला लोक सोडून जातात तसला कपडा तर बोटानं शिवायचा नाही. इकडं माझा कांदा उन्हात, आणि तिकडं बाजारात लिलाव सुरू झालेला. मी हॉर्न वाजवून दमायचो. "साहेब, तुमच्या लुगड्यापायी माझा कांदा सडंल!" तर म्हणायचा, "दादा, माझाही लिलावच आहे." मी म्हटलं, "तो कसला लिलाव! आमच्यात व्यापारी ढिगासमोर उभा राहतो, कांदा फोडून बघतो, त्याचं तोंड आपल्याला दिसतं. तुझ्यात कोण बोलतंय ते तरी कळतं का?" त्यावर तो मांडीवरचा गठ्ठा सारखा करत म्हणाला, "तोंड दिसत नाही म्हणूनच मला बोलता येतं."

बोलायचा म्हणजे काय, लिहायचा. आणि त्याचं इंग्रजी सगळं फायलीतलं. प्रत्येक साडीला जावक क्रमांक. कोणी विचारलं, साडीची लांबी किती, तर हा लिहायचा (मला मराठीत वाचून दाखवायचा म्हणून माहीत), "उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर साडी नऊवार असून ती एका मनमिळाऊ महिलेची होती. माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी." जपानच्या बाईला म्हणे ते फार आवडलं. तीही उलट तसंच लिहायला लागली. साड्या तो रिठ्याच्या पाण्यात स्वतः धुवायचा, गच्चीवर सावलीत वाळवायचा, आणि वारा सुटला की साडीच्या पदराशी दगड होऊन बसायचा. कात्रीचा त्याला भारी राग. गिऱ्हाइकानं साडी कापून पिशव्या शिवू नयेत म्हणून त्यानं प्रत्येक फोटोखाली ताकीद घातली होती की ज्यांना कात्री लावायची असेल त्यांनी बोली लावू नये. कॅफेवाला कपाळाला हात लावायचा. "काका, विकल्यावर ती त्यांची झाली ना?" साडू म्हणायचा, "मुलगी दिली म्हणून काय मारू द्यायची?" कॅनडाच्या एका म्हाताऱ्या बाईनं एकदा फोटो पाठवला, तर तिनं सायखेड्याचं इरकल खिडकीला पडदा म्हणून टांगलेलं. साडू दोन दिवस जेवला नाही. मग तिनं लिहिलं की इथं सहा-सहा महिने बाहेर सगळं पांढरं असतं, कोणी येत-जात नाही, म्हणून रंग खिडकीत लावलाय. ते वाचून तो निवळला. म्हणाला, "दादा, चालेल. कापलेली तर नाही." त्या दिवसापासून ती बाई त्याच्या बोलण्यात रोज यायची. विनीपेग का काय तिचं गाव. मनमाडसारखं मोठं जंक्शन आहे म्हणे, फक्त थंड.

आता मुख्य गोष्ट. माझी मेहुणी दारात आलेल्या कुठल्याही बाईला ओटी भरल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. भाजीवाली असो नाहीतर मोलकरीण, मूठभर तांदूळ, हळदकुंकू, काही नाही तर सुपारी. ती गेली आणि त्या घराच्या पायरीवर बाईमाणूस चढेना. विधुराच्या घरी हळदीकुंकवाला कोण येणार? आणि पुरुषानं ओटी भरायची रीत नाही. कुंकवाचा करंडा भरलेला तसाच. ती जागा साडूनं पार्सलात काढली. साडीची घडी घातली की आत एक पुडी हळदीची, एक त्या करंड्यातल्या कुंकवाची आणि चिमूटभर तांदूळ. "बाईला साडी रिकामी द्यायची नाही," एवढंच म्हणायचा. कॅनडाची बाई विधवा आहे हे त्याला तिसऱ्या साडीनंतर कळलं आणि तो घामाघूम होऊन आमच्या घरी आला. कुंकू पाठवून आपण तिचा अपमान केला की काय! आमची ही भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाव्हणं, घालून टाका तिला बी. कुंकू काय तिच्या नवऱ्याच्या बापाचं हाय?" साडू म्हणाला, "पण अक्का, रीत..." ही म्हणाली, "रीत असती तर तुमी बाप्यानं वट्या भरल्या असत्या व्हय?" साडू पहिल्यांदा मोकळा हसला. त्यानंतर त्यानं ठरवून टाकलं, परदेशातल्या सगळ्या बाया सवाष्णी धरायच्या.

आणि नेमकं हेच आडवं आलं. तिकडं टपालातून कसली तरी विषारी भुकटी येते अशी दहशत पसरलेली ते दिवस होते. अमेरिकेच्या एका बाईचं पार्सल ओलं झालं, पुड्या फुटल्या. तिनं उघडून पाहिलं तर रेशमी साडीवर लाल-पिवळी भुकटी. तिनं म्हणे पोलीस बोलावले. आमच्या मेहुणीच्या करंड्यातलं ते कुंकू हातमोजे घालून, चिमट्यानं उचलून कुठं कुठं तपासायला नेलं. त्यातून काही निघालं नाही, निघणार काय! पण लिलाववाल्या कंपनीचं पत्र कॉम्प्युटरवर येऊन पडलं. विकलेल्या वस्तूखेरीज पार्सलात काहीही घालणार नाही, असं कबूल करा; नाहीतर दुकान कायमचं बंद.

कॅफेवाला म्हणाला, "काका, सोपं आहे. इथं हो म्हणायचं, की झालं." साडू उठून घरी गेला. तो आठवडा त्याचा कसा गेला ते मी पाहिलंय. दुकान गेलं तर त्याला सकाळी उठून जायला जागा उरत नव्हती. जपानची बाई, कॅनडाची बाई, तो नाचणारा जर्मन, एवढीच त्याची माणसं, आणि ती सगळी त्या एका पडद्यापलीकडं. मी समजावलं, "येडा हायस का? नको घालू पुडी. त्या बायांना काय कळणार हाय?" तो म्हणाला, "त्यांना नाही कळणार." मी म्हटलं, "मग?" तर म्हणे, "दादा, मी तीस वर्षं साहेब म्हणेल तिथं सही केली. न वाचता केली, पटलं नाही तरी केली. हे तिच्या हातचं आहे. ह्याच्यावर नाही करणार." मी स्वतः हट्टी आहे, त्यामुळं दुसऱ्याचा हट्ट कुठं संपतो ते मला ओळखू येतं. हा संपणारा नव्हता. त्यानं कंपनीला चार पानी उत्तर लिहिलं. ओटी म्हणजे काय, तांदूळ का, कुंकू कुठं लावतात, सगळं मुद्देसूद, उपरोक्त विषयास अनुसरून. शेवटी लिहिलं, सबब सदर प्रथेस परवानगी मिळावी ही विनंती. ते कोणा माणसानं वाचलं की नाही, देव जाणे. दुकान बंद झालं.

मी म्हटलं, "पार्सलं पाठवलीस ना? मग पत्ते हायेत तुझ्याकडं. पत्र टाक की त्या बाईला." तर मान हलवून म्हणाला, "गिऱ्हाइकानं पत्ता मालासाठी दिलेला असतो, दादा. ओळख काढायला नाही." असं शहाणपण काय चाटायचं असतं? मी रागानं चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलं का, हेही मला कळलं नाही.

तरी तो रोज कॅफेत जातच राहिला. मला वाटलं पेपर वाचत असेल. मग एकदा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फिरताना मध्येच म्हणाला, "ओसाकाला आज पाऊस आहे." ओसाका म्हणजे जपानच्या बाईचं गाव. मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" कॉम्प्युटरवर जगातल्या कुठल्याही गावाची हवा दिसते म्हणे. गावाचं नाव घालायचं, बस्स. त्यात कोणाची ओळख काढावी लागत नाही, परवानगी लागत नाही. मग ते रोजचंच झालं. मी विचारायचो, "आज काय?" तो सांगायचा, "जर्मनीत धुकं. विनीपेगला बर्फ, उणे वीस." मी म्हणायचो, "लय झालं." तो म्हणायचा, "हो ना. खिडकीशी बसल्या असतील." एवढं बोलून आम्ही पुलापर्यंत जायचो आणि परत यायचो. माझ्या आयुष्यात मी नाशिक सोडून फार तर सुरतेपर्यंत गेलो असेन, पण त्या बर्फाची मला सवय झाली होती.

मागच्या थंडीत त्याच्या छातीत कफ दाटला. डॉक्टरनं उठायला बंदी केली. आमची ही डबा पाठवायची आणि मी उशाशी बसायचो. त्याला दम लागायचा, बोलवत नव्हतं, पण नजर सारखी दाराकडं. मला समजलं. मी चौथीवाला माणूस कारंजावर गेलो, आयुष्यात पहिल्यांदा त्या कॅफेची पायरी चढलो आणि म्हणालो, "बाबा, कॅनडात ते विनीपेग हाय ना, तिथं आज काय हाय तेवढं बघून दे." कॅफेवाला म्हणाला, "काका, सकाळपासून लाइनच नाही. रस्ता खोदलाय, केबल तुटली. उद्या या."

मी परत आलो. साडूनं डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. मी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "जाऊन आलो. बर्फ थांबलाय. चांगलं लख्ख ऊन पडलंय तिकडं."

त्यानं मान दाराकडून खिडकीकडं वळवली. मग अगदी हळू म्हणाला, "मग आज बाहेर पडल्या असतील."

"पडल्या असतील की," मी म्हणालो, आणि त्याच्या अंगावरची गोधडी नीट केली.