अण्णाची तुरटी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी फरीदाबादला घरी चहाच पीत होते. कप तसाच राहिला. वर्ष होत आलं, तरी अजून सकाळचा पहिला कप तसाच गार होतो... माझा हा थोरला भाऊ जन्मभर चहाच्या मुळांमागे लागला होता.

माती तपासणं ही त्याची सरकारी नोकरी, पण ती ऑफिसात ठेवून येणं त्याला कधी जमलं नाही. कोणाकडेही गेला की कुंडी उपडी करून रोप मुळांसकट बाहेर काढायचा. "पानं काय, सगळेच बघतात," म्हणायचा. या खोडीपायी लोकांनी त्याला बोलावणंच कमी केलं होतं. ॲल्युमिनियमने एरवी पिकांची मुळं खुरटतात, चहाची मात्र त्यानेच वाढतात, फक्त माती आंबट हवी, हे जेवताना ऐकून ऐकून आमच्या मुलांनाही पाठ झालं होतं.

कांगड्याहून आणलेलं चहाचं एक रोप त्याने मयूर विहारच्या बाल्कनीत जगवलं होतं, तेही दिल्लीच्या चुनखडीच्या पाण्यावर. दाढी झाली की गालावर फिरवलेली तुरटी तो मगभर पाण्यात खळबळवायचा आणि ते पाणी रोपाला घालायचा. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, पाणीही जरा आंबट होतं. "माझा चहा इथे गार होतोय, आणि त्याचे बघा लाड," वहिनी म्हणायची.

अस्थी आम्ही गढमुक्तेश्वरला गंगेत सोडल्या. थोडी राख वहिनीने मागे ठेवली होती, ती तिने चहाच्या कुंडीत मिसळली. मला हे कळलं ते पानं पिवळी पडल्यावर. मग अण्णासारखीच मी कुंडी उपडी केली. मुळांची टोकं काळी पडली होती.

"राखेनं झालं का, शैला?" वहिनीने विचारलं.

त्या कुंडीपाशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "हो. राखेनं मातीतला आंबटपणा मरतो. माती बदलली तर कदाचित जगेल."

"म्हणजे त्यांना बाहेर टाकायचं?"

मी वाण्याकडून नवी तुरटी आणली, जाईन तेव्हा तिचं पाणी घालत राहिले. राखेपुढे तिचं काही चाललं नाही. अण्णाची राखच अण्णाच्या झाडाला बाधावी, हे मला सहन होत नाही. तिने प्रेमानेच तर घातली होती.

रोप वाळलं. वहिनी ती काटकी उपटू देत नाही, रोज पाणी घालते. "अच्छा, असू दे ना," एवढंच म्हणते. मी आता समजावणं सोडून दिलं आहे.

बाथरूमच्या फळीवर अण्णाची तुरटी अजून आहे, त्याच्या गालाने मधोमध खोलगट केलेली. हात धुवायला गेले की दिसते. आता ती झिजत नाही.