गुरुजींनी ‘साफ’ लिहिलं तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी शेजाऱ्यांच्या भानगडीसुद्धा सांगतो.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. सेनगावात माझा कॉम्प्युटर क्लास होता. तीन मशीन, एक पंखा आणि भलामोठा गर्व. साखऱ्याकडच्या तांड्यावरची सविता माझ्याकडे शिकवायला होती. तिची आई आजारी, तरी जीपने यायची, शेजारी बसून तांड्याची गाणी म्हणायची. सविता गुणगुणत टाइप करायची. होळीआधीच आई गेली. गाणी तेवढी मशीनमध्ये राहिली.

त्या गाण्यांसाठी मी प्रोग्राम लिहिला. चौकटीत ‘दाखव’ लिहिलं की गाणं दिसायचं, ‘शोध’ लिहिलं की सापडायचं. कोणते शब्द चालतील याची यादी करायला हवी होती – पण एवढी खटपट कोण करतो? जो शब्द येईल त्या नावाचा प्रोग्राम बेधडक चालवायचा, असं लिहून मी मोकळा झालो.

“सर, कुणी काहीबी लिहिलं तर?” सविताने विचारलं.

“सेनगावात कोण लिहून राहिलं?” मी म्हणालो.

तिथेच माझा ‘साफ’ नावाचा प्रोग्रामही होता. पोरांचा सराव पुसायला. तो सगळंच पुसायचा, म्हणून दर शनिवारी मी आधी गाणी फ्लॉपीवर हलवायचो, नंतर परत आणून ठेवायचो. म्हणजे – मला माहीत होतं.

एके दिवशी, सविता सकाळची शिकवणी आटोपून गेल्यावर, एक निवृत्त गुरुजी आले. गाणी मन लावून वाचली. उठताना चौकटीत लिहिलं – साफ. काहून? जन्मभराची सवय, पुढच्या लेकरासाठी पाटी पुसून ठेवायची. त्यांचा काय दोष? मी मागेच उभा होतो. तोंडात चहा होता, तो गिळेपर्यंत सगळी गाणी पुसली गेली.

दुसरी प्रत? नव्हती.

दुपारी सविता परत आली. आणि मी – मी म्हणालो, “सकाळी तुझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं बघ.”

तिने चौकटीत ‘दाखव’ लिहून पाहिलं, काहीच आलं नाही. मग म्हणाली, “व्हय सर, घाईत होते मी. माफ करा, तुमची मेहनत वाया गेली.”

माझी मेहनत.

पुढे ती लग्न होऊन शिरड शहापूरला गेली. अजूनही एसटीत कुणी बाई गुणगुणली की माझी मान वळते. ती नसते. ती गुणगुणायची ती चाल मला पहिल्यापासून शेवटपर्यंत येते. शब्द एकही येत नाही.