धोंडुबाईची तार

प्रभुलिंग जंगम तार ऑफिसाच्या दारात टेबल टाकून बसायचा आन् शेजारी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. पंचवीस वर्षं त्याचं तोंड बघितलंय, तवा सांगायचा हक्क माझाच हाय.

आमच्याकडची निम्मी पोरं मिल्ट्रीत. घरात लग्न निघालं, कौलं बदलायची झाली की माणसं ह्याच्याकडं यायची. हा इंग्रजीत तार लिवायचा, 'मदर सीरियस, कम सून.' पोराला रजा मिळायची. पुढं साहेबलोक शहाणं झालं. मग हा 'स्टार्ट इमिजिएटली'वर गेला, मग 'व्हेरी सीरियस, स्टार्ट ॲट वन्स'वर. दोनचार वर्षांत शब्द झिजायचा, टायरासारखा. मी म्हणायचो, "मास्तर, खऱ्या वेळेला काय लिवणार?" तो हसायचा. मीबी हसायचो, खोटं कशाला बोलू.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात कागलकडनं बाळासो आला. त्याची आई धोंडुबाई खरंच अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरनं आठवडा सांगितलेला. धाकटा केरबा आसामात. त्याला एकदा डोळं भरून बघायचं, एवढंच म्हातारीचं मागणं. आन् ह्याच घरानं दोन वर्षांत दोनदा तिला खोटं आजारी पाडून केरबाला आणलेलं. दोन्ही तारा प्रभुलिंगच्याच हातच्या.

त्यानं 'क्रिटिकल' लिवून तार धाडली. उत्तर आलं, रजा न्हाय.

बाळासो परत आला. "आईच म्हणतीया, मेली म्हणून लिवा."

"जित्या माणसाचं मी न्हाय लिवणार," प्रभुलिंग म्हणाला. मग अर्धा तास 'अर्जंट', 'मोस्ट अर्जंट' लिवत आन् कागद फाडत बसला. शेवटी मीच म्हणलं, "लिवा की मास्तर, पोरगं तरी येईल." त्यानं 'मदर एक्सपायर्ड' लिवलं. ते पाप माझंबी हाय.

रजा लगेच मिळाली. पण केरबाला वाटलं, माती तर झाली असणार, आता पळून काय उपेग. त्यानं तिकडंच डोकं भादरलं, दोन दिवस सोबत्यांत बसून रडला, मग गाडीत बसला. हिकडं म्हातारी दाराकडं डोळं लावून सहा दिवस तगली. सातव्या दिवशी पहाटं गेली. केरबा आठव्या दिवशी पोचला.

"दहाव्याच्या आत पोचलो न्हवं?" त्यानं भावाला विचारलं.

"काल पहाटंपतूर तुझंच नाव घेत हुती," बाळासो म्हणाला.

चार दिवसांनी केरबा प्रभुलिंगच्या टेबलापाशी आला. आता हा मारतोय, म्हणून मी पाना हातात घेऊन उठलो. पण तो गुमान स्टुलावर बसला.

"शेवटच्या तारेचं काय न्हाय मास्तर," तो म्हणाला. "आदली तार साहेबानं मला दाखवली हुती. खरं हाय का म्हणून इचारलं. मी हसलो. म्हणलं, घरात कायतरी काम निघालं असंल."