खाटेला हात न लावण्याचे दिवस

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं घरचे म्हणतात. दुबईच्या एका हॉटेलात बरीच वर्षं काढून मी जळगावला परत आले, पिंप्राळ्यात घर घेतलं, महामार्गावरच्या हॉटेलात मॅनेजर झाले, तरी भिंगरी काही सुटली नाही. काउंटरवरून भटारखान्यात, तिथून वर खोल्यांवर, परत खाली. जरा टेकले की वाटतं, कुठेतरी काहीतरी बिघडतंय. आणि बहुतेक वेळा ते बिघडत असतंच.

त्या वर्षी होळी रमजानात आली. भटारखाना सांभाळणारे चाचा धुळ्याचे, त्यांचे रोजे चालू. ते चव घेऊ शकत नव्हते, म्हणून प्रत्येक भाजीतलं मीठ बघायला मला हाक मारायचे. वाढपी काही नेपाळचे, काही ओडिशाचे. त्यांचं आपसात हिंदीतून चालायचं आणि भांडणही हिंदीतूनच. खोल्या आवरणारी बहुतेक माणसं सातपुड्याच्या पायथ्याची, पावरा आदिवासी. त्यांच्यासाठी होळी म्हणजे आपली अख्खी दिवाळी. नेमका त्याच दिवसांत वरचा मजला केळीच्या परदेशी खरेदीदारांनी घेतला होता, काही रशियातले, काही आखातातले. शेठनी सगळ्यांना उभं करून बजावलं, होळीला जो घरी जाईल त्याने परत यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्यांवरची माणसं न सांगता निघून गेलेली होती. शेठच्या बोलण्याचा एवढाच उपयोग झाला.

राहिला एकच जण. चोपड्याकडच्या डोंगरातल्या गावचा, वरच्या मजल्यावरचा माझा सगळ्यात भरवशाचा माणूस. त्याला सगळे भाऊ म्हणायचे, मीही. तो आहे म्हटल्यावर मी खालच्या कामाला लागले.

पाहुण्यांच्या गाड्या विमानतळावरून निघाल्याचा फोन आला तशी मी वर धावले. फरशी लख्ख, नळ चकचकीत, टॉवेल घडी घालून ठेवलेले. आणि पलंगावर नुसती उघडी गादी. पुढच्या खोलीत तेच, त्याच्या पुढच्या खोलीत तेच. धुतलेल्या चादरी खुर्च्यांवर तशाच रचलेल्या. भाऊ व्हरांड्यात पोछा मारत होता, अनवाणी. गणवेशाचे बूट खिडकीत ठेवले होते.

माझं डोकंच फिरलं. हे काय चालवलंय, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. त्याने पोछा भिंतीला टेकवला आणि खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी होळीना नेम धरेल शे. पोर दवाखानामा व्हती, तवय बोलेल शे. खाटले हात लावाना नही."

मग हळूहळू सगळं कळलं. हा नवस तो पोर दवाखान्यात असताना बोलला होता. नेम असेपर्यंत खाटेला शिवायचं नाही, पायात काही घालायचं नाही, जमिनीवर निजायचं. होळीला गावात आगीभोवती नाचायचं आणि मग नेम सोडायचा. इतरांसारखा तो आधीच गेला असता, पण पोरीचं औषध अजून चालू होतं आणि ते या नोकरीवरच चालू होतं. म्हणून त्याने मनाशी ठरवलं की नेम इथेच पाळायचा, पलंग सोडून बाकी सगळं करायचं, पलंगावरच्या चादरी दुसरं कोणीतरी घालेल. आधी सांगितलं असतं तर लगेच काढून टाकतील, ही भीती. दुसरं कोणी उरलेलंच नाही, हे बिचाऱ्याच्या डोक्यात आलं नाही.

दुबईत आम्हाला प्रशिक्षण असायचं, देशोदेशीच्या माणसांच्या श्रद्धांचा मान कसा राखायचा याचं. गार खोलीत, मोठ्या पडद्यावर. गाड्या निघाल्यात आणि गाद्या उघड्या आहेत, असं काही त्या पडद्यावर आलं नव्हतं. मला राग आला होता, पण त्याहून जास्त मी घाबरले होते.

मी पदर खोचला आणि चादर झटकली. खाली फोन केला तर वाढपी इफ्तारच्या मांडामांडीत अडकलेले. चाचाच जिना चढून वर आले. माझे समोसे जळणार, अशी कुरकुर करत त्यांनी कोरड्या तोंडाने चादरीचं दुसरं टोक धरलं. भाऊ पुढे पळत दारं उघडत होता. शेवटची उशी ठेवली आणि लिफ्ट वर आली.

हे निभावलं असं वाटलं, तोच संध्याकाळी शेठना भाऊचे पाय दिसले. परदेशी पाहुण्यांसमोर अनवाणी. त्यांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं आणि भाऊला सांगितलं, बूट घाल, नाहीतर घरी जा.

भाऊने खिडकीतले बूट आणले. मग वाकून लेस सोडू लागला. नेम पोरीसाठी, नोकरीही पोरीसाठी. मला ते बघवेना.

"तो घरीच चाललाय," मी म्हणाले. "मी सुट्टी दिलीय. होळी झाली की येईल."

"आणि पलंग कोण घालणार?"

"मी."

 शेठ शांतपणे म्हणाले, "तो आला नाही, तर तुम्हीही येऊ नका."

होळी गेली, धुळवड गेली. मी खाली मॅनेजर आणि वर पलंग घालणारी. भाऊचा फोन लागत नव्हता, त्याच्या गावात रेंज यायला टेकडीवर चढावं लागतं. चोपड्याची बस यायच्या वेळेला मी काही ना काही निमित्त काढून फाटकापर्यंत जायचे. प्रत्येक चादर झटकताना वाटायचं, कोणाच्या भरवशावर आपण नोकरी पणाला लावली? चाचा इफ्तारच्या वेळी खजूर पुढे करून म्हणायचे, बेटी, घडीभर बस. मी उभ्यानेच खजूर तोंडात टाकायचे आणि निघायचे.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरच्या एका खोलीत एकटीच चादरीशी झटत होते. समोरचं टोक आपोआप उचललं गेलं. भाऊ होता. कानामागे अजून होळीची राख, पायात बूट. आम्ही चादर घातली, कडा खोचल्या.

मग त्याने पलंगावर तळवा ठेवला. आणि सरळ त्यावर बसला. पाहुण्यांच्या पलंगावर आपण बसायचं नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते, आणि मोडणाऱ्याला आजवर सोडलेलं नाही.

"पोर आते पयस, मॅडम," तो म्हणाला. पोर आता पळते.

शेठ वर येतील म्हणून मी दार लोटलं, आणि पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसले.