फ्रिजवरचा चौकटीचा कागद

हे आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे बघ ना — मी, ज्याच्या पोटात गुपित तासभर टिकत नाही, टपरीवर उभा राहून अख्ख्या बिल्डिंगचे आवाज काढतो — त्याने हे वर्षभर दाबून ठेवलंय. हसू नकोस यार. किंवा हस. सुरुवात हसण्यासारखीच आहे.

मी मेहकरचा. बारावी झाली आणि घाटकोपरला आत्याकडे आलो. आत्या एकटी. साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. मला ती नकल्या म्हणते, कारण शाळेत एकदा हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्ख्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती. इथे हळदी, वाढदिवस, मंडळाचे कार्यक्रम — आवाजांवरच माझं पोट.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची मधोमध झीज सुरू झालीय. एक कागद दिला. गणिताच्या वहीत असतात तशा चौकटी, मध्ये काळा ठिपका. रोज सकाळी चष्मा लावायचा, एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं. मग दुसरा डोळा. रेघ लहरती दिसली, मधला तुकडा गायब वाटला, तर थांबायचं नाही — लगेच यायचं. डॉक्टर नाकात बोलायचे. प्रत्येक वाक्याला शेवटी ‘काय?’

माझी तर चांदीच झाली ना! कागद फ्रिजवर चिकटवला आणि रोज सकाळी मीच डॉक्टर. तिचा डोळा तळहाताने झाकायचा आणि नाकात — ‘आजी, ठिपका बघा, काय?’ ती इतकी हसायची की चष्मा घसरायचा. शेजारच्या काकूही चहाचा कप घेऊन खास बघायला यायच्या. झकास चाललं होतं.

एका सकाळी मी डावा डोळा झाकला. उजव्याने बघताना ती थांबली. म्हणाली, “अरे, मधल्या रेघा हलल्यासारख्या वाटतायत रे.”

आता सांगतो. मी आवाजांचा माणूस आहे. भीतीचा आवाज कसा असतो मला माहितीये — गळ्यातून येतो, शेवटचा शब्द अर्धा गिळलेला. तो मी ऐकला. नीट ऐकला. पण काकू दारात उभ्या होत्या ना, हशाची वाट बघत. मी नाकात म्हणालो, ‘आजी, रेघा नाही हलत, तुम्ही हलताय, काय?’ काकूंचा चहा सांडला हसून. आत्याही हसली. जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी तिने परत सांगितलं, हळू. मी म्हणालो, ‘शिवण वाकडी जाते म्हणून कागदाला दोष देता, काय?’ — तिची शिवण! जिच्यासाठी मुलुंडहून बायका साड्या घेऊन यायच्या! का बोललो? हशा मिळत होता म्हणून. दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सरळ आहेत.” मी पुढे विचारलं नाही. घाईचं काही काम होतं का मला? नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी ती चहा कपाच्या बाहेर ओतत होती. तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मग विचारलं, “हे कधीपासून?” मला वाटतं विचारलं तिलाच होतं. उत्तर मी दिलं. म्हणालो, “मी रोज विचारतो, डॉक्टर. ही काही बोललीच नाही.”

आत्याने मान माझ्याकडे वळवली. मी वाट बघत होतो — आता बोलेल, आता माझी वाट लागली. ती म्हणाली, “हो. माझंच चुकलं. मीच सांगितलं नाही.”

इंजेक्शनं झाली. पण उजव्या डोळ्याचं मधलं परत आलं नाही. कडा दिसतात, चेहरा नाही. शिलाई मशीनवर कापड टाकलंय. कुणी विचारलं तर सांगते, “मीच आळस केला.” काकू हळहळतात. आणि मी? मी शेजारी उभा राहून मान हलवतो. वर्षभर हलवतोय.

आता डावा डोळा तेवढा राहिलाय. रोज सकाळी मी माझ्याच आवाजात विचारतो. सुरुवातीला म्हणायची, “डॉक्टर कुठे गेला रे?” मग तेही सोडलं. माझा हात डोळ्यावर नीट टेकायच्या आत म्हणते, “सरळ.”

आज ‘सरळ’ म्हणाली नाही. आज कागदासमोर बराच वेळ उभी राहिली. मग माझं मनगट धरलं आणि विचारलं —

“तू हसणार नाहीस ना?”

दवाखान्याच्या बाकावर बसून हे मोबाईलवर लिहितोय. ती शेजारी आहे, मांडीवर पिशवी, पिशवीत घडी घातलेला तो कागद. आमच्या आधी एकच पेशंट आहे. आत गेल्यावर डॉक्टर विचारतील, कधीपासून. आत्याने सकाळीच मला सांगून ठेवलंय, “तू काही बोलू नकोस, मी सांगते माझ्याच लक्षात आलं नाही म्हणून.”