अण्णांच्या वहीतलं दव

पहिल्या भेटीत अण्णांनी माझ्या दुर्बिणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बंगळूरच्या महादेवपुऱ्याहून राजाजीनगरपर्यंत ते भलंमोठं खोकं मांडीवर घेऊन मी दीड तास ऑटोत बसले होते. कंबरेचा भुगा झाला होता आणि डोकं तापलं होतं. ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, "दुर्बीण चालत नाही ना? अण्णांकडे जा. फुकट दुरुस्त करतात, फक्त ऐकून घ्यावं लागतं." दार उघडलं ते सत्तरीच्या एका किरकोळ गृहस्थांनी. खाली पंचा, वर अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात वीज मोजायचा मल्टिमीटर आणि त्याच्या लाल-काळ्या दोन वायरी गळ्यात.

"सेल कुठले घातलेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माझं नाव त्यांनी तासाभराने विचारलं, तेही वहीत लिहायचं होतं म्हणून.

मी नागपूरची. आम्हाला वाट बघवत नाही आणि गप्प बसवत नाही. मी खोक्यावरचा आकडा दाखवून म्हटलं, "अण्णा, पाचशे पंचवीस पट मोठं दिसेल असं लिहिलंय, आणि मला साधा चंद्र सापडत नाहीये." अण्णा शांतपणे म्हणाले, "पाचशे पंचवीस पट धूसर दिसेल म्हणून लिहायचं ऱ्हायलं असेल." मग त्यांनी दुर्बिणीची नळी बाजूला ठेवली, खालची मोटर पुढे ओढली आणि तिच्या वीज घ्यायच्या भोकावर करंगळी टेकवली. "यंत्राचा जीव इथं असतोय बघ. वरचं भिंगबिंग सगळे दागिने. आधी इथं बघायचं." मी घातलेले आठ सेल त्यांनी एकेक करून मोजले आणि मेलेल्या पालीसारखे दोन बोटांत धरून डब्यात टाकले.

अण्णांचं घराणं चार पिढ्या बंगळूरचं. त्यांच्या मराठीत थोडं ह्याला 'स्वल्प' आणि ठीक ह्याला 'सरी' असे काही मुरले होते की ते कानडी शब्द आहेत हे त्यांनाच आठवत नसावं. आयुष्य गेलं एका सरकारी कारखान्याच्या वीजपुरवठा खात्यात. निवृत्तीनंतर दुर्बिणीचं वेड लागलं म्हणायचे, पण माझा ह्यावर कधीच विश्वास बसला नाही. वेड बिघाडाचंच होतं. आकाशाचा फायदा इतकाच, की त्याच्यासाठी लागणारी यंत्रं हमखास बिघडतात.

नवी दुर्बीण कुठली घेऊ असं विचारायला कोरमंगल्याची पोरं यायची. इंटरनेटवर तीन-तीन महिने वाचून, तक्ते बनवून आलेली असायची. अण्णा तक्ता बघायचेही नाहीत. दारातला वीस लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन दाखवून म्हणायचे, "हा घे आणि गच्चीवर जा." तीन मजले. जो धापा टाकत का होईना पोहोचला त्याला मोठी दुर्बीण, जो दुसऱ्या मजल्यावर बसला त्याला छोटी, आणि ज्याने "अंकल, लिफ्ट नहीं है क्या?" असं विचारलं त्याला द्विनेत्री, म्हणजे साधा बायनॉक्युलर. "जी रोज वर नेववते तीच चांगली दुर्बीण. बाकीच्या पलंगाखाली झोपतात." ह्या परीक्षेमुळे अण्णांच्या घरी पिण्याचं पाणी कायम गच्चीवर असायचं. अण्णांच्या बायको, म्हणजे आमच्या अक्का, एक तांब्या पाण्यासाठी वरच्या दिशेने हाका मारत बसायच्या.

आणि ती वही! निळ्या पुठ्ठ्याची, सरकारी थाटाची. प्रत्येक पानावर तीन रकाने : दोष, कारण, उपाय. 'कारण' ह्या रकान्यापाशी अण्णा देवघरात बसल्यासारखे गंभीर व्हायचे. नोकरीत एकदा साहेबाने चुकीचं कारण लिहायला सांगितलं तेव्हा अण्णांनी सही करायला नकार दिला होता, आणि त्यापायी दोन वर्षं बढती अडली होती. "कारण खोटं लिहिलं की तोच दोष परत येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे माझं पोट दुसऱ्यांच्या चुकांवरच चालतं. पण इतका सच्चेपणा आमच्याकडे कुणी केला तर त्याला संध्याकाळपर्यंत दुसऱ्या टीममध्ये हलवतील.

त्या वहीत माझंही एक पान आहे. एका संध्याकाळी अण्णांनी त्यांची मोठी दुर्बीण गच्चीवर लावली. तारीख, वेळ, गाव सांगितलं की ती आपोआप ग्रह शोधते. तारीख घालायचं काम माझ्याकडे होतं. मी आपली नेहमीसारखी आधी दिवस, मग महिना अशी घातली. यंत्र अमेरिकन वळणाचं, त्याला आधी महिना हवा. 'गुरू' असं बटण दाबलं, मोटर घर्रघर्र करत फिरली, आणि दुर्बीण अगदी आत्मविश्वासाने समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर थांबली. तिथे एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी वर पाहिलं. आम्ही खाली पाहत होतो. तांब्या त्यांच्या हातातून पडला.

"सॉरी सार!" अण्णा कठड्यावरून ओरडले, "डेट फॉर्म्याट!"

गृहस्थ तावातावाने वर आले. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, अर्धा तास तारखेचं प्रकरण कानडीतून समजावलं आणि मग गुरूचे चार चंद्र दाखवले. जाताना ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या अम्माला तारीख घालायला देऊ नका." वहीत नोंद झाली. दोष : शेजारी दिसला. कारण : दिवस-महिना उलट. उपाय : चहा.

इथल्या शिवाजीनगरला तर त्यांच्याबरोबर जायची मला लाज वाटायची. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानात ते एका पिनेसाठी दीड तास उभे राहायचे. दुकानदार वीस पिना समोर ओतायचा, अण्णा प्रत्येकीत मीटरची टोकं खुपसायचे आणि मान हलवून 'बेड' म्हणायचे, म्हणजे नको. दुकानदाराने शेवटी त्यांच्यासाठी एक स्टूल राखून ठेवलं. "तुमचे अण्णा चांगले आहेत," तो मला हिंदीत म्हणाला, "पण दसऱ्याची गिऱ्हाइकी संपेपर्यंत तुम्ही त्यांना घरी ठेवा."

आता अक्कांचं सांगते. ह्या सगळ्या खटाटोपात आठ वर्षं गेली, आणि अक्कांनी शनीचं कडं एकदाही पाहिलेलं नव्हतं. राजाजीनगरच्या निम्म्या पोरांनी पाहिलं, पेपरवाल्याने पाहिलं, त्या टॉवेलवाल्या गृहस्थांनीही पुढे येऊन पाहिलं. अक्का मात्र "सगळं सरी झालं की हाक मारा" म्हणून खाली थांबायच्या. अण्णांचं सगळं सरी कधी होणार? कधी केबल सैल, कधी बॅटरी उतरलेली, आणि सगळं जुळलं की बंगळूरचे ढग हजर. अक्का अर्धा जिना चढायच्या आणि वरून आवाज यायचा, "स्वल्प थांब गं!" त्या तिथेच पायरीवर बसून शेंगा निवडायच्या. एकदा मी चिडून अण्णांना म्हटलं, "अहो, बायकोला एकदा दाखवा की नुसतं!" ते म्हणाले, "दाखवायचं तर नीट दाखवायचं. तिला हलतं-डुलतं काय दाखवू? तिनं आयुष्यात एकदाच मागितलंय काहीतरी."

त्या वर्षी मात्र वेळ उरली नव्हती. शनीचं कडं दर वर्षी आपल्याला अधिकाधिक आडवं दिसत चाललं होतं, पुढच्या वर्षी ते नुसती रेघ होणार होतं. अक्कांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं, म्हणजे पुढे कित्येक महिने जिना बंद. आणि अण्णांच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते. "माझी बॅटरी आता गॅरंटीबाहेर आहे," ते हसत म्हणाले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. अण्णांनी नवी बॅटरी आणली, नवी केबल स्वतः बांधली, आणि दसरा-दिवाळीच्या मधल्या आठवड्यांतली एक संध्याकाळ ठरवली.

मध्ये आयुधपूजा आली. आपल्याकडे ती खंडेनवमी, पण बंगळूरची गोष्टच वेगळी. इथे बसपासून पंक्चरवाल्याच्या पंपापर्यंत सगळ्यांना हार आणि गंध. अक्का हातात ओल्या कुंकवाची वाटी घेऊन घरभर फिरल्या. फ्रिज, मिक्सर, शिवणयंत्र, मल्टिमीटर. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकणार तेवढ्यात मी ओरडले, तर झाकणावर टेकवलं. "दुर्बिणीचं मी बघते," त्या अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही खाली स्कूटरच्या चाकाखाली लिंबं ठेवा जावा."

ठरलेल्या संध्याकाळी आकाश कधी नव्हे ते स्वच्छ. सात वाजता शनी चांगला वर आलेला. अण्णांनी वायर जोडली, बटण दाबलं. दिवा लागला, मोटर एकदा उचकी दिल्यासारखी हलली आणि सगळं मेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा उचकी. मीटर लावला : बॅटरी बारा पूर्णांक सहा व्होल्ट, उत्तम. केबलचं टोक बारा पूर्णांक सहा, उत्तम. अण्णांच्या कपाळावर घाम. "वीज दारापर्यंत येतीय, घरात का शिरत नाही?" त्यांनी केबलचं टोक पुन्हा मोजलं. मी म्हटलं, "अण्णा, शांत. जीव कुठे असतो म्हणालात? तिथे बघू."

अण्णांनी भोकात टॉर्च मारला. मग टॉर्च माझ्या हातात दिला. मी डोकावून पाहिलं. आतली पिन लालभडक होती. वाळलेल्या कुंकवाचा जाड थर.

आठ वर्षं ज्या बाईने ऐकलं होतं की यंत्राचा जीव इथं असतो, तिने यंत्राच्या जिवाला कुंकू लावलं होतं. चांगलं बोटभर, आत दाबून. मला इतकं हसू फुटलं की मी कठडा धरला. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी पांढऱ्या रुमालाच्या टोकाला स्पिरिट लावलं, पीळ दिला आणि ती पिन अशी हलक्या हाताने पुसली की मीच हसायची थांबले. तेवढ्यात जिन्यावर अक्का. एक पायरी, श्वास, दुसरी पायरी, श्वास.

"झालं का हो सरी? की बसू इथंच?"

अण्णांनी लाल झालेला रुमाल खिशात कोंबला. "ये ये, वरच ये."

"काय झालं होतं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडशील तर याद राख, असं ते पाहणं होतं. "दव," ते म्हणाले. "पिनेवर दव पडलं होतं स्वल्प."

बटण दाबलं. मोटर फिरली, नळी वळली, आणि शनी बरोबर मधोमध येऊन बसला. अक्का स्टुलावर बसल्या, पदर सावरला, डोळा लावला.

"अय्यो!" अक्का म्हणाल्या. "खरंच कडं आहे की हो! मला वाटायचं तुम्ही आपलं मला वर बोलवायला काहीतरी सांगता."

वीस मिनिटं त्या उठल्या नाहीत. अण्णांनी एकदाही आकाशाकडे पाहिलं नाही. बॅटरीपाशी उकिडवे बसून ते आकडे सांगत होते, "बारा पूर्णांक चार आहेत अजून. बघ, निवांत बघ." खाली आल्यावर त्यांनी वही काढली. मी मुद्दाम मागे उभी राहिले. दोष : मोटर बंद. कारण : दव. उपाय : पुसले. साहेबासमोर न वाकलेलं ते अक्षर, जराही न डगमगता.

अण्णा पुढच्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मला फार रडू आलं, ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तेराव्यानंतर अक्कांनी दुर्बीण आणि वही माझ्या हवाली केली. तीन मजले वर-खाली करून मी ती उचलू शकते हे आधी कॅनने सिद्ध करावं लागलं. अक्का तशा नियमाला पक्क्या.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला त्या नव्या गुडघ्यांनी माझ्या घरी आल्या. कुंकवाची वाटी घरूनच आणली होती. दुर्बिणीसमोर बसल्या आणि पिशवीतून आधी चिकटपट्टीचं रीळ काढलं. एक तुकडा तोडून त्यांनी वीज घ्यायच्या भोकावर चिकटवला आणि चारी कडा अंगठ्याने दाबल्या. "हे कशाला?" मी विचारलं.

"दव पडतं हो तिथं," अक्का म्हणाल्या. "लाल पडतं. रुमालाचा डाग तीनदा धुतला तरी गेला नाही."

आणि कुंकवाचं ओलं बोट त्यांनी त्या पट्टीवर टेकवलं.