बचावपटूला काढायला हवं होतं

व्हिडिओ कॉलवर नव्या मॅनेजरच्या पाठीमागे भिंतीवर एक मरून जर्सी फ्रेम करून लावलेली दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘वा, ग्रेट टीम. यंदा कप तुमचाच.’

मॅनेजर मूळचा कॅनडाचा, पन्नाशी ओलांडलेला, लायडन या डच शहरातल्या आमच्या ऑफिसात नुकताच रुजू झालेला. त्याने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, मी आइस हॉकी बघतो का. ज्याचा बर्फाशी संबंध गोळेवाल्याच्या गाडीपलीकडे कधी गेला नाही, त्या माणसाने इथे सरळ ‘नाही’ म्हणावं. पण साहेबाने काही विचारलं की ‘मला माहीत नाही’ हे शब्द आमच्या पिढीच्या घशातच अडकतात. मी मान डोलावली. बघतो म्हणजे काय, फॉलोच करतो.

कॉल संपल्यावर शोधून पाहिलं. ती टीम त्या मोसमात तळाला होती आणि कप तिने कैक वर्षांत जवळून पाहिलेला नव्हता. त्यात महामारीमुळे सामने बंद पडलेले. म्हणजे थांबलेल्या स्पर्धेतल्या शेवटच्या टीमचं मी तोंडभरून अभिनंदन केलं होतं.

बायकोने हे सगळं ऐकलं होतं. लॉकडाऊनमध्ये आमच्या बाडहूव्हडॉर्पच्या घरात गुप्त असं काही उरलंच नव्हतं. माळ्यावरच्या खोलीत नेट धड पोचत नाही म्हणून जिन्याखाली माझं ऑफिस, जेवणाच्या टेबलावर तिचं, वरच्या खोलीत मुलीची शाळा. ती एवढंच म्हणाली की क्रिकेटमध्ये तुझे अंदाज चुकायचे ते निदान कळत तरी होते.

इथल्या ऑफिसांत शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी मिळून बिअर प्यायची पद्धत आहे, तिला बोरल म्हणतात. महामारीत तीही व्हिडिओवर आली. आपापल्या घरी आपापली बाटली घेऊन बसायचं. मी काचेच्या उंच ग्लासात ताक घेऊन बसायचो, वर फेस आणला की अंधुक कॅमेऱ्यात बिअर म्हणून खपून जातं. पहिल्या अर्ध्या तासात एकेक जण मुलांची, कुत्र्याची कारणं सांगून निघून जायचा आणि शेवटी मॅनेजर आणि मी असे दोघेच उरायचो. मग तो हॉकी काढायचा.

सामने नव्हते, तेव्हा बोलायचं कशावर? तर जुन्या निवडींवर. या खेळात दर उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या पोरांची वाटणी होते. गल्लीत दोन कप्तान आळीपाळीने पोरं उचलतात तसंच, फक्त इथे कोट घालून. सगळ्यात हरलेल्या टीमला पहिला हात मारायला मिळतो. मॅनेजर दर आठवड्याला एक जुनं वर्ष ठरवायचा. त्या वर्षी आपल्या टीमने कोणाला उचललं, कोणाला सोडलं, सोडलेला पुढे दुसऱ्यांकडे कसा तळपला आणि कारभारी मंडळींची अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, यावर आमची चर्चा. तो त्याचा फराळ होता, माझा अभ्यास. गुरुवारी मी जिन्याखाली बसून त्या वर्षाचा निकाल पाठ करायचो.

खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा यायला लागली. उंटावरून शेळ्या हाकायला शेळ्या ओळखाव्या लागत नाहीत. क्रिकेटच्या निवड समितीला घरी बसून शिव्या घालण्यात आमची अख्खी हयात गेली. तीच भाषा इंग्रजीत करून वापरली की झालं. अमक्याला उगीच घेतला, तमक्याला वेळेआधी विकला, हा वशिल्याचा, तो नुसत्या नावावर जगणारा. मॅनेजर खूश व्हायचा. म्हणायचा, तुझ्याकडे स्वच्छ नजर आहे.

अशाच एका शुक्रवारी विषय निघाला एका बचावपटूचा. टीमने तीन कोवळ्या पोरांचे हक्क दुसऱ्यांना देऊन हा नावाजलेला, वय झालेला गडी आणला होता. मॅनेजरचं मन त्याच्या बाजूने होतं. तो म्हणत होता, असा माणूस ड्रेसिंग रूम सांभाळतो. मी ताकाचा घोट घेतला आणि माझा निकाल दिला. निष्ठा वेगळी, मॅनेजमेंट वेगळी. पाय जड झालेला माणूस जागा अडवतो आणि त्याच्या मागे तरुण पोरं सडतात. त्याला दोन वर्षं आधीच काढायला हवं होतं. ‘काढताना हात थरथरतो तो कारभारी कसला,’ असंही मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की जेवताना मी ते घरच्यांना पुन्हा ऐकवलं.

त्यानंतरच्या सोमवारी मुख्य कचेरीचा निरोप आला. कामं आटली आहेत, प्रत्येक टीममधून एक माणूस कमी होणार.

आमच्या टीममध्ये बाकी सगळे कायम होते. त्या उन्हाळ्यात कंत्राट संपणारे दोघेच. एक मी, वय सत्तेचाळीस, पुण्यातलं सगळं आवरून दोन वर्षांपूर्वी इथे आलेला. दुसरा नागपूरचा एक मुलगा, लॉकडाऊन लागायच्या जरा आधी आलेला, नायमेखनला कंपनीने दिलेल्या खोलीत एकटा राहणारा. त्याची मुलाखत मी घेतली होती. दोन उमेदवार त्याच्याहून अनुभवी होते. तरी मी अडून बसून त्यालाच घ्यायला लावलं होतं, कारण एका प्रश्नाला तो म्हणाला होता, ‘हे मला येत नाही, पण कसं शोधायचं ते सांगतो.’

निरोप वाचून मी गणित मांडलं. नोकरी गेली तर इथे राहण्याचा परवाना जातो. दुसरी शोधायला तीन महिने, आणि त्या उन्हाळ्यात कोणी कोणाला घेत नव्हतं. बायकोचं राहणं माझ्या परवान्यावर, मुलीचं आमच्या. आणि ज्याच्या हातात हे सगळं होतं त्याला मी तीनच दिवसांपूर्वी, तोंडाला ताकाची मिशी असताना, वय झालेल्या माणसाचं काय करायचं ते शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, चल, सायकलवर एक फेरी मारून येऊ. आमचं गाव विमानतळाला चिकटलेलं. एरवी डोक्यावरून विमान गेलं की कपाटातल्या बशा वाजायच्या आणि मी कुरकुरायचो. आता आभाळात काही नव्हतं. कुंपणापाशी थांबलो तर धावपट्टीवर विमानं एकापाठोपाठ एक उभी करून ठेवलेली, इंजिनांची तोंडं झाकलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल बसून असतात तशी. मला एकदम जाणवलं की उद्या कोणी जा म्हणालं तर जायलाही काही नाही. राहता येत नाही आणि जाता येत नाही. मी सायकलचं हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बायकोने माझी बोटं एकेक करून सोडवली.

पुढचे दिवस मी घरात मांजरासारखा फिरलो. मॅनेजरच्या प्रत्येक निरोपाचा अर्थ लावायचो. त्याने ‘थँक्स’ लिहिलं तर ते दहादा वाचायचो, नुसता अंगठा पाठवला तर तो वीसदा बघायचो. मुलीने एकदा जिन्यावरून खाली पाहिलं आणि म्हणाली, ‘डू नॉर्माल, बाबा.’ नीट वाग, एवढाच त्याचा अर्थ. या देशात ताप आला तरी हाच सल्ला मिळतो. नागपूरच्या मुलाचा फोन येऊन गेला. त्यालाही सगळं माहीत होतं. आई रोज विचारते तिकडे जेवायला मिळतं का, असं सांगून तो हसला आणि मग म्हणाला, दादा, तुमचं काही होणार नाही, तुम्ही सिनिअर आहात. मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. तुझंही काही होणार नाही, असं म्हणता आलं असतं.

गुरुवारी मी अभ्यासाला बसलो. हॉकीचा नव्हे, माघार घेण्याचा. अनुभवी खेळाडूच टीमला कसा तारतो याचे दाखले गोळा केले. शुक्रवारी ताकही घेतलं नाही, साधं पाणी घेतलं.

बाकीचे निघून गेल्यावर मॅनेजर जर्सीकडे वळला. मग त्याने एका मुलाच्या निवडीचं जुनं वर्ष काढलं. टीमने त्याला वरच्या क्रमांकावर उचललं, दोन मोसम बाकावर बसवलं आणि सोडून दिलं. त्याच काळात तो म्हातारा बचावपटूही टीममध्ये होता. मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाला, समज, जागा एकच आहे. तू कोणाला ठेवशील?

प्रश्न हॉकीचा नाही हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं असणार. मी सुरुवात केली. म्हातारा बरा. त्याला टीमची जुनी रचना ठाऊक. गेल्या आठवड्यात माझा अंदाज जरा घाईचा झाला होता. मुलगा गुणी आहे पण कच्चा. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा समजवावी लागते. मीटिंगमध्ये तर तो तोंडच उघडत नाही.

मॅनेजरने मान वर केली. ‘हॉकीत मीटिंग नसतात,’ तो म्हणाला.

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच परत ठेवला. दारात बायको उभी होती. हातात पोह्यांची बशी, पण देत नव्हती. तिला मराठीइतकंच इंग्रजी कळतं.

‘मला हॉकीतलं काही कळत नाही,’ मी म्हणालो. ‘तुझ्या टीमचा एकही सामना मी पाहिलेला नाही. गेल्या शुक्रवारी बोललो ते फुशारकीने आणि आज बोललो ते भीतीने. दोन्ही सोडून दे. पण त्या मुलाला मी निवडलं होतं आणि ती निवड चुकलेली नाही.’

बोलून झालं आणि लगेच वाटलं, अरे, हे काय करून बसलो. बाण सुटल्यावर त्याच्या मागे धावावं तसं मी काहीतरी पुढे जोडायला लागलो, माझ्या मुलीची शाळा, भाड्याचा करार. मॅनेजरने हात वर करून थांबवलं. सामने पाहत नाहीस हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, तो म्हणाला. तू गोलरक्षकाला चार गोल मारल्याचं श्रेय दिलं होतंस. तो हसला नाही. निर्णय फक्त माझा नाही, मंगळवारी कळवतो, म्हणाला आणि पडदा काळा झाला.

शनिवार ते मंगळवार मी काय केलं ते मला आठवत नाही. सुपरमार्केटमध्ये अंतर राखायला प्रत्येकाने ढकलगाडी घ्यायची सक्ती होती, ती रिकामीच ढकलत मी सगळ्या रांगांतून फिरून परत आलो, एवढं आठवतं. सामान आणलंच नाही.

मंगळवारी फोन आला. मॅनेजरने सरळ सांगितलं. त्याने दोघांसाठी भांडून पाहिलं होतं. मुख्य कचेरीला जुनी सिस्टीम जाणणारा माणूस हवा होता. मी राहणार होतो. मुलाचं कंत्राट पुढे जाणार नव्हतं, आणि कंत्राटाबरोबर नायमेखनची खोलीही सुटणार होती.

पहिल्यांदा आला तो सुस्कारा. पोटातून, अख्ख्या अंगातून. पाय खुर्चीखाली आपोआप लांब झाले. वाईट वाटणं मागाहून आलं, धापा टाकत, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं. मी मॅनेजरला थँक यू म्हणालो, दोनदा.

जरा वेळाने मुलाचा फोन आला. त्याला मॅनेजरने आधीच सांगितलं होतं, आणि मी त्याच्याबद्दल काय बोललो तेही. नेमकं किती सांगितलं असेल, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही हेसुद्धा का, याचाच मी मनात हिशोब करत होतो. तो म्हणाला, ‘दादा, तुम्ही टेन्शन नका घेऊ. तीन महिने आहेत न. शोधतो मी.’

मी त्याला म्हणालो की वय तुझ्या बाजूने आहे. मार्केट सुधारेल. काही लागलं तर सांग. असं पोकळ बरंच बोललो. तो हो दादा, हो दादा म्हणत राहिला. मधेच त्याचा आवाज जरा बारीक झाला. त्याने विचारलं, विमानं कधी सुरू होतील काही कळलं का, तुम्ही तिथे जवळ राहता म्हणून विचारतो. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ तसंच. म्हणालो, नाही रे, अजून काही आवाज नाही.

फोन ठेवला. जेवणाच्या टेबलापाशी गेलो तेव्हा बायको माझी वाटच बघत होती. मी म्हणालो, आपलं वाचलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने आपला लॅपटॉप मिटला आणि उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘माळ्यावरची खोली रिकामी आहे,’ ती म्हणाली. ‘दुसरं काम मिळेपर्यंत राहू दे त्याला इथे. फोन तू कर. आत्ता कर, मी इथेच उभी आहे.’